मोरीच्या पाण्यावरची केळ

आबा दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी आईने ट्रंकेतून त्यांचे फेटे बाहेर काढले आणि उंबऱ्यात बसून फाडायला घेतले. पांढरे मलमलीचे फेटे, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. फेटा लांबलचक असतो. एका टोकाला दातांनी चीर पाडून आईने दोन्ही हातांनी ओढलं की कापड टर्रर्र करत जायचं, आणि दुसरं टोक येईपर्यंत तो आवाज थांबायचाच नाही. आबा आत खाटेवर पडून ऐकत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "लग्नातला हाय का त्यात?"

"हाय."

"त्यो ऱ्हाऊ दे की."

"त्योच लई मऊ हाय," आई म्हणाली आणि तोही फाडला. मी शेजारी बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होते. आबांनी तोही फाडू दिला. एरवी फेट्याला कुणी ओल्या हाताने शिवलेलं त्यांना खपायचं नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, कोरडवाहू. बाजरी, मठ, हुलगे, आणि पाऊस बरा झाला तर ज्वारी. आमच्या शिवारात उसाचं कांडं नव्हतं, पण गावात गुळव्या होता, आणि तो म्हणजे माझे वडील. थंडी पडली की कॅनॉलच्या बाजूच्या बागायतदारांची माणसं त्यांना न्यायला यायची. आबा एक वळकटी, एक तांब्या आणि डोक्याला फेटा एवढं घेऊन निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. गुऱ्हाळात ऊस गाळणारे, चिपाड वाळवणारे, चुलवणात जाळ घालणारे असे पुष्कळ लोक असतात. पण काहिलीतला, म्हणजे चुलवणावरच्या त्या मोठ्या पसरट कढईतला, उकळता रस केव्हा गूळ झाला आणि काहील केव्हा उतरायची हे एकटा गुळव्या ठरवतो. आबा घरी फार बोलायचे नाहीत. त्यांच्या कपड्यांना मात्र बाराही महिने गुळाचा वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो.

त्या हंगामात काहील उतरताना एका गड्याचा पाय ओल्या चिपाडावर घसरला. काहील कलली आणि उकळता पाक आबांच्या डाव्या पायावर, मांडीच्या मागून टाचेपर्यंत आला. पाणी सांडलं तर ओघळून जातं. पाक चिकटून बसतो. मळ्याच्या मालकाने टेम्पोत घालून त्यांना नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं. आई तिथेच वॉर्डात त्यांच्या खाटेखाली चटई टाकून राहिली. मी गावी होते, दहावीची परीक्षा देत होते. पेपर संपले आणि थोड्याच दिवसांनी आबांना घरी सोडलं. टाचेची आणि मांडीची जखम भरत आली होती, पण गुडघ्याच्या मागची आणि पोटरीची अजून ओली होती. घरी नीट ड्रेसिंग करा, स्वच्छता ठेवा, एवढं सांगून त्यांनी पाठवलं होतं.

आता मी नगरला मुलाकडे राहते. कागदोपत्री त्याला अहिल्यानगर म्हणायचं असतं, माझ्या जिभेला अजून सवय व्हायची आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात जखमेची किती प्रकारची सामग्री मिळते ते पाहून मी थक्क होते. न चिकटणाऱ्या पट्ट्या, चिकटणाऱ्या पट्ट्या, पाणी न लागणाऱ्या पट्ट्या. त्या वेळी आम्हाला माहीत होतं ते म्हणजे निळ्या कागदात गुंडाळलेला कापूस आणि जाळीच्या कापडाचं बंडल, तेही पारनेरला एसटीने जाऊन आणायचं. आणलेलं बंडल बघता बघता संपायचं, कारण ओली जखम रोज उघडायची आणि रोज झाकायची. जाळी परवडत नव्हती म्हणून फेटे फाडले, इतकी साधी गोष्ट होती ती.

आईने वॉर्डात सगळं बघून ठेवलं होतं. ती शाळेत गेलेली नव्हती, पण स्वयंपाक शिकावा तसं ती ते शिकून आली होती. फेट्याचे चौकोन कापायचे, साबणाने धुवायचे, खळखळ उकळायचे, कडक उन्हात वाळवायचे. मग घड्या धुतलेल्या फडक्यात बांधून, पातेल्यात पाणी ठेवून, वर चाळणी ठेवून, तिच्यावर ते गाठोडं आणि वर घट्ट झाकण. कोथिंबिरीच्या वड्या उकडतो अगदी तसं. पातेल्याच्या कडेने वाफ फुसफुसायला लागली की आबा आतून विचारायचे, "शिजल्या का माझ्या पायाच्या वड्या?" पहिल्या पहिल्यांदा असं विचारायचे. नंतर विचारेनासे झाले.

कारण जखमेला लावलेलं कापड रात्रीतून वाळून जखमेलाच चिकटून बसायचं. जाळीही चिकटायची, फेटाही चिकटायचा. आई उकळून गार केलेलं मिठाचं पाणी सोडत राहायची, मी पाय धरून बसायची, आणि सगळं नीट भिजलं असं वाटलं तरी शेवटचा पदर निघताना कोवळी कातडी घेऊनच निघायचा. आबा तोंडात टॉवेल धरायचे. घोगरा, दबलेला आवाज यायचा, तो मला शेजारच्या गिरणीच्या टुकटुकीतूनही ऐकू यायचा. सकाळची न्याहरी झाली की आई चूल पेटवून पातेलं ठेवायची आणि पातेल्याचा आवाज झाला की आबांच्या कपाळावर घाम यायचा. ते जेवेनासे झाले. आईने शेंगदाण्याचे लाडू केले, हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या. शेंगोळ्या खाल्ल्या, लाडवाला हात लावला नाही, कारण त्यात गूळ होता. चहासुद्धा ते साखरेचा मागत. आयुष्यभर गूळ केलेला माणूस गुळाचा वास आला की तोंड फिरवायचा.

आणखी एक गोष्ट होत होती, आणि ती आम्हाला कळत नव्हती. पाय दुमडून ठेवला की आबांना बरं वाटायचं. म्हणून आईने गुडघ्याखाली उशी दिली होती. एक पुरेना म्हणून वर गोधडीची घडी दिली.

सालोमी सिस्टर शेजारच्या मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात होत्या आणि आमच्या गावच्या आठवडे बाजारादिवशी लहान मुलांना डोस द्यायला यायच्या. उंच, सावळ्या, हातात कायम छत्री. त्यांचं माहेर नगरचंच, शिक्षणही तिथल्या वॉर्डातच झालेलं. आईने त्यांना बोलावून आणलं. त्यांनी जखम बघितली, वास घेतला, म्हणाल्या, "स्वच्छ आहे. चांगलं ठेवलंय तुम्ही." आईचा चेहरा उजळला. मग सिस्टरांनी टाचेखाली हात घालून पाय हळूच सरळ करून बघितला. तो झालाच नाही. आबा ओरडले.

"ही उशी कुणी दिली?"

"मीच दिली," आई म्हणाली. "तेवढंच बरं वाटतंय त्यांना."

"काढा ती. भाजलेली कातडी भरताना आवळते, बाई. गुडघा दुमडलेला राहिला तर तो तसाच भरेल आणि मग उघडायचा नाही. पाय फळीवर सरळ ठेवायचा, बांधायचा, आणि रोज थोडाथोडा ताणायचा. आता, याच दिवसांत. पुढे जमायचं नाही."

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. "पाय गेला तर जाऊ द्या," ते म्हणाले. "रोज सोलून घ्यायला मी काय कांदा हाय? आता फळीवर बांधा म्हनं. माझ्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई."

आम्ही तिघी बाहेर ओट्यावर आलो. आई रडली नाही, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. काहिलीजवळ उभं राहणाऱ्या माणसाला वाकावं लागतं, झटकन मागे सरावं लागतं. दुमडलेल्या पायाचा गुळव्या कोण नेणार, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सिस्टर छत्रीच्या टोकाने ओट्याच्या मातीवर रेघा काढत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "ड्रेसिंगचं दुखणं थांबलं, तर ते पाय ताणू देतील. आमच्या वॉर्डात जळालेल्यांना केळीचं पान लावायचे. वाफवून. ते चिकटत नाही."

"पान?" आई म्हणाली. "जेवायचं पान पायाला?"

"तेच. नगरच्या डॉक्टरांना मी निरोप देऊन विचारते. पण तुमच्याकडे केळ कुठंय?"

आईने माझ्याकडे बघितलं. केळ कुठे आहे ते आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं.

आमच्या मोरीचं पाणी भिंतीखालच्या भोकातून शेजारच्या पार्वताकाकूंच्या परड्यात जायचं. त्या पाण्यावर काकूंनी केळ लावली होती. एकाच्या चार झाल्या, आणि त्या रखरखीत गल्लीत तेवढाच एक हिरवा कोपरा होता. आईचं म्हणणं, पाणी आमचं. काकूंचं म्हणणं, जागा माझी. एका वर्षी मोठा घड लागला, तो पिकवून काकूंनी गल्लीतल्या घराघरांत फण्या वाटल्या आणि आमचं घर तेवढं सोडलं. आईने दुसऱ्या दिवशी मोरीच्या भोकात दगड घातला. पाणी आमच्याच अंगणात तुंबलं, डास झाले, आबांनी निमूटपणे दगड काढला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आबा दवाखान्यात असताना सगळी गल्ली आमच्याकडे येऊन गेली होती. काकू आल्या नव्हत्या.

सिस्टरांचा निरोप आला: डॉक्टर म्हणतात, लावून बघा, पण स्वच्छता सोडू नका. मला वाटलं, आई मलाच पाठवील. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पायात चपला घातल्या आणि पलीकडच्या घरी जायलासुद्धा रस्त्याने वळसा घेऊन, सरळ पुढच्या दाराने गेली. मी तिच्या मागे गेले. काकूंच्या अंगणात सारवण चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता आणि केळीचे खांब कापायला विळा धार लावून भिंतीशी ठेवला होता.

"काय गं?" काकू सारवता सारवता म्हणाल्या. वर बघितलं नाही.

"केळीची पानं पायजे हुती," आई म्हणाली.

"उद्या पूजा हाय माझ्याकडं. खांब कापायच्यात. पानांवर परसाद मांडायचाय." मग जरा वेळाने, "तुला कशाला पानं? तुझ्याकडं काय हाय?"

"ह्यांच्या पायाला. चिकटत न्हाई म्हनत्यात. कापड काढताना लई तरास हुतो त्यांना."

काकूंचा हात सारवणावर तसाच थांबला. त्या म्हणाल्या, "मला ऐकू येतं की भिंतीपल्याड. रोज सकाळी. मी उठून मागं शेळ्यांकडं जाऊन बसते." त्यांनी हात बादलीत बुडवून धुतले, लुगड्याला पुसले, विळा उचलला आणि परड्याकडे निघाल्या. केळीपाशी उभं राहून वर बघत म्हणाल्या, "मोठं नको. वाऱ्यानं फाटलेलं कामाचं न्हाई. ह्ये बघ, मधलं, नुकतं उलगडलेलं. ह्ये घे."

"आन् खांब?"

"द्येवाला काय, पारनेरच्या बाजारातनं आनू. कापली केळ तर पानं कुठनं यायची रोज?" त्यांनी पान आईच्या हातात न देता स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "चल. बघू दे मला कसं लावत्यात ते. आन् आयक, उन्हाळ्यात पानी आडवायचं न्हाई."

"न्हाई आडवनार," आई म्हणाली.

आम्ही पान धुतलं, मधला दांडा काढून टाकला, तुकडे केले आणि त्याच पातेल्यात, त्याच चाळणीवर वाफवले. पोपटी पान गडद झालं, मऊ पडलं आणि घरात जेवणावळीचा वास सुटला. आबांनी डोळे उघडून आमच्या तिघींकडे पाहिलं. त्या दिवशी जुनं कापड निघताना त्रास झालाच. मग आईने पानाची गुळगुळीत बाजू जखमेवर ठेवली, वर वाफवलेल्या कापडाच्या घड्या, वर फेट्याची पट्टी. आबा म्हणाले, "गार वाटतंय."

दुसऱ्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे टॉवेल मागून घेतला आणि दातांत धरला. मी पाय धरला. आईने पट्टी सोडली, घड्या उचलल्या, पानाचा कोपरा चिमटीत धरला, आणि पान ओल्या ताटावरून उचलावं तसं उचललं गेलं. खाली जखम लाल, ओली, पण रक्ताचा थेंब नाही. आबा डोळे मिटून वाट बघत होते. काहीच होईना म्हणून त्यांनी डोळे उघडले, टॉवेल तोंडातून काढला.

"झालं?"

"झालं," आई म्हणाली.

आबा पानाच्या त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जखम सोलून निघायची तेव्हा ते रडले नव्हते. दारात पार्वताकाकू उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला आणि शेळ्यांना चारा टाकायचाय असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी ड्रेसिंग करायला एक तरुण मुलगी यायची. तिने पाकीट फाडून पट्टी लावली, दोन दिवसांनी अलगद काढली, मला कळलंही नाही. मी तिला केळीच्या पानाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजी, आता असलं घरी करू नका हं." तिचं बरोबरच आहे. मीही कुणाला कर म्हणणार नाही, आम्हीसुद्धा विचारल्याशिवाय केलं नव्हतं. पण ती पाकिटं ज्यांना परवडत नाहीत अशी घरं अजून आहेत, एवढं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, खरंय, आणि पुढच्या घरी गेली.

पान चिकटत नाही हे कळल्यावर आबांनी फळी बांधू दिली. जुन्या बाजेच्या फळीवर फेट्याच्या उरलेल्या तुकड्यांची गादी केली आणि पाय तिच्यावर सरळ बांधला. म्हणजे सरळ व्हायचा तेवढा. रोज पट्ट्या सोडून पाय ताणायचं काम माझ्याकडे आलं, कारण आईच्याने ते होईना. आबांचा चेहरा बदलला की तिचा हात सुटायचा. मी एक हात टाचेखाली आणि एक गुडघ्यावर ठेवून दाबायची. ते दुखणं पानाने जाणारं नव्हतं. एकदा मला काय सुचलं, मी विचारलं, "आबा, गूळ झाला ह्ये कसं वळखायचं?"

त्यांनी खाटेची कड धरली. मग म्हणाले, "आदी रस तापतो. वर काळी मळी येती, ती काढायची. मंग भेंडीचं पानी घालायचं, जंगली भेंडीचं. त्यानं उरलीसुरली मळी वर येती..." मी दाबत होते. त्यांचा श्वास अडकला, पण ते बोलत राहिले. "मंग फेस. आदी पांढरा, मोठाल्या बुडबुड्यांचा. मंग पिवळा. मंग बुडबुडे लहान हुत जात्यात आन् आवाज बदलतो. डोळ्यानं बघायच्या आदी कानानं कळतं, नंदे. खळखळ असती ती फदफद हुती." आणखी थोडं. "मंग गार पान्यात थेंब टाकायचा. बोटानं गोळी करायची. गोळी वळली, तांब्यावर मारली, आन् टन्न वाजली की..."

"की?"

"की उतरायची काहील. तवा थांबायचं न्हाई. अंगात ताप असू दे न्हाईतर काय असू दे."

असं रोज चालायचं. हलक्या जमिनीचा ऊस, खारवट पाण्याचा ऊस, तुरा आलेला ऊस, कुणाच्या गुळाला कसा रंग येतो, चुना किती घालायचा, जाळ केव्हा मागे ओढायचा. वडिलांनी माझ्याशी जन्मात एवढं बोललेलं मला आठवत नाही. पाय ताणून झाला तरी ते वाक्य पुरं करायचे. मी गुळव्या झाले नाही. बाईला काहिलीजवळ उभं करायची पद्धत नव्हती, आणि माझं लग्न होऊन मी दुसरीकडे गेले. पण अजून घरात पाक करायला घेतला की मी भांड्याकडे पाठ करून उभी राहते आणि ऐकते.

सगळं सरळ झालं नाही. मध्येच आबांना ताप भरला, जखमेला वास यायला लागला. सिस्टर म्हणाल्या, आता पान नको, आता नगर. मालकाचाच टेम्पो मिळाला. तिथे औषधं झाली, इंजेक्शनं झाली, आणि आबा परत आले ते वाळून अर्धे झालेले. मग पुन्हा पातेलं, पुन्हा चाळणी. उन्हाळ्यात वारं सुटलं तेव्हा केळीची पानं उभी चिरायला लागली. काकूंनी दोन बांबू रोवून आपलं जुनं लुगडं आडवं बांधलं आणि केळींना आडोसा केला. गल्लीतल्या ज्या ज्या घरी मोरीवर केळ होती तिथून पान यायला लागलं. कुणी शाळेत जाताना ओट्यावर ठेवून जायचं, कुणी भिंतीवरून हाक मारायचं. ज्यांच्याकडे केळ नव्हती त्यांच्यातल्या एक-दोघींनी धुतलेली पांढरी लुगडी आणून दिली. आईने ती मोजून ठेवली नाहीत, फाडून ठेवली.

पहिला पाऊस होऊन पेरण्या झाल्या तेव्हा जखमेवर कातडी धरली होती, पातळ, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आई तिला खोबरेल लावायची. पाय जवळजवळ सरळ झाला होता, अगदी सरळ कधीच झाला नाही. आबा कुडाला धरून उभे राहिले, मग काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत गेले, मग काठीशिवाय. एका सकाळी आई चहा करत होती, तेव्हा ते म्हणाले, "गुळाचा कर."

थंडी पडली तेव्हा मळ्याचा माणूस आला. तो दारातच उभा राहिला, आधी पायाकडे बघितलं. आबा त्याच्यासमोर अंगणात उकिडवे बसले, उठले, पुन्हा बसले. "बघितलं?" ते म्हणाले. "उद्या येतो म्हनावं."

त्या संध्याकाळी आई लवकरच चुलीपुढे बसली. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. शेवटी तिने विचारलं, "जायलाच पायजे का?"

"मला दुसरं काय येतंय?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. डोक्याला फेटा नव्हता, टोपी होती, कारण फेटे उरले नव्हते. वळकटी माझ्या डोक्यावर होती. एसटी आली, धुरळ्यात थांबली, कंडक्टरने दार उघडून "चला, चला" केलं. तिची पायरी उंच होती, धडधाकट माणसालाही जरा झेप घ्यावी लागेल अशी. आबांनी दांडा धरला. मला वाटलं, ते उजवा पाय आधी टाकतील. त्यांनी डावा टाकला. तो पायरीवर टेकला, जरा थरथरला, मग त्याच पायावर सगळं अंग तोलून ते वर गेले आणि आतून हात बाहेर काढून म्हणाले, "वळकटी दे."

मी वळकटी दिली. कंडक्टरने घंटी मारली. आई गाडीकडे बघत नव्हती, ती अजून त्या पायरीच्या जागेकडे बघत होती, जिथे आता नुसता धुरळा होता. मग तिने श्वास सोडला, मला वाटतं सकाळपासूनचा, आणि आम्ही घराकडे वळलो.